पहिली फेरी ज्याच्या वाट्याला

सरांना प्रश्न विचारला की ते आधी खिडकीबाहेर पाहत. प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचला की नाही, याचा चेहऱ्यावरून काहीही पत्ता लागत नसे. नवखा विद्यार्थी गोंधळून तोच प्रश्न पुन्हा विचारी आणि तिथेच फसे, कारण सर मग पहिल्यापासून खिडकीबाहेर पाहायला लागत. जुन्या मुलांना ठाऊक होते, की विचारावे आणि उभे राहावे. उत्तर येई. येई तेव्हा ते अगदी जोत्यापासून चढत येई, मध्ये एकही पायरी गाळत नसे आणि तास संपल्याची घंटा झाली तरी थांबत नसे. मात्र तोच प्रश्न पुढच्या काही दिवसांत आणखी कोणी विचारला, तर खिडकीकडे न पाहता एका वाक्यात उत्तर मिळे. पहिल्याने पाडलेल्या वाटेवरून दुसरा धावत जाई.

भोकरदनच्या आमच्या महाविद्यालयात संगणकशास्त्राचा विभाग म्हणजे एक लांबट खोली, कुठल्याशा कंपनीने मोडीत काढण्याऐवजी देणगी म्हणून दिलेली जुनी यंत्रे, आणि सर. माणसांच्या बाबतीतही त्यांची हीच संथ रीत होती. प्रथम वर्षाच्या मुलामुलींना ते अहोजाहो करत. बसमध्ये उभे राहून आलेल्या, चपलेला चिखल लागलेल्या मुलीला ‘या, तुम्ही पुढं बसा’ म्हणणारा प्राध्यापक आम्ही त्याआधी पाहिला नव्हता. त्यात आदरापेक्षा सावधगिरी जास्त होती, असे मला आता वाटते. मला ते तिसऱ्या वर्षी ‘अगं’ म्हणाले. मी घरी जाऊन आईला सांगितले. त्यात सांगण्यासारखे काय आहे ते तिला कळले नाही.

सरांच्या आयुष्यात एकच मोठे काम होते आणि ते समजल्याशिवाय सर समजणार नाहीत, म्हणून थोडक्यात सांगते. आम्ही जी संगणकभाषा शिकत होतो ती यंत्राला थेट कळत नाही. मध्ये दुभाषी लागतो. हा दुभाषी, म्हणजे इंटरप्रिटर, प्रामाणिक असतो पण मठ्ठ असतो. तो प्रोग्रॅममधली एक ओळ वाचतो, यंत्राला समजावतो, मग पुढची घेतो. तीच ओळ लाख वेळा आली तरी लाख वेळा पहिल्यासारखीच समजावतो. नव्या यंत्रांवर हा वेळ खपून जातो. आमच्या यंत्रांवर तो डोळ्यांना दिसे. यावर सरांनी जो उपाय मांडला होता त्याला जस्ट-इन-टाइम कंपायलर म्हणतात. दुभाष्याशेजारी एक लक्ष ठेवणारा बसवायचा. कोणती ओळ पुन्हा पुन्हा येते ते त्याने पाहायचे, आणि पुरेशा वेळा आली की तिचे यंत्राच्या भाषेत पक्के भाषांतर करून हाताशी ठेवायचे. पुढच्या खेपेला दुभाष्याला विचारायचेच नाही. असा प्रोग्रॅम सुरुवातीला रखडतो, मग तापतो, आणि तापला की पळतो. मोठ्या कंपन्यांत हे काम माणसांच्या तुकड्या करतात. सर ते एकटे करत होते, तास संपल्यावर, त्या लांबट खोलीत, कित्येक वर्षे.

वर्गात हे सारे ते मेंढरांवरून शिकवत. त्यांचे वडील पिंपळगाव रेणुकाईकडचे, मेंढरे राखणारे. उन्हाळ्याच्या तोंडावर कळप घेऊन ते दक्षिणेला उतरत, थेट शहागडला गोदावरीच्या काठापर्यंत.

“मह्या बापाला ती वाट पाठ होती,” सर सांगत. “डोळे मिटून गेला आस्ता. पण गेला न्हाई कधी. कळपाच्या पुढं एक माणूस धाडायचा. मागच्या साली जे रान पडीक होतं, ते औंदा कोणी पेरलं तर न्हाई? पेरलं आसंल तर मंग ती वाट सोडायची, लांबच्या रस्त्यानं एकेक बांध बघत जायचं. वाट पाठ झाली म्हणून माणूस धाडायचं बंद केलं, की मेंढरं लोकाच्या पिकात.”

शास्त्राच्या भाषेत हेच असे, की तयार भाषांतर एका अंदाजावर उभे असते. इथे नेहमी पूर्णांकच येतो, म्हणून आताही तोच येईल, हा तो अंदाज. भाषांतर वापरण्याआधी दर वेळी तो तपासावा लागतो आणि चुकला तर निमूटपणे दुभाष्याकडे परतावे लागते. पुढे मी या विषयावरची जाड पुस्तके वाचली, पण त्यांत काही नवे आहे असे मला वाटले नाही. मेंढरे आधीच तिथून गेलेली होती.

सर हे केवळ शिकवत नव्हते, तसेच जगत होते. घरापासून महाविद्यालयापर्यंत ते रोज एकाच रस्त्याने येत आणि वळणाच्या कोपऱ्यावर रोज थांबत. मान पुढे काढून गल्ली पाहत, मग वळत. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला हा कायमचा विषय मिळाला होता.

“सर, तीच गल्ली हाय. रातून कोणी उचलून न्हेली न्हाई!”

“उद्या न्हेली तर?”

“मंग मी फोन करतो ना तुम्हाला. बिलकुल काळजी करू नका.”

“तुमचं दुकानबी त्याच गल्लीत हाय,” सर म्हणत आणि वळत.

तोंडी परीक्षेत त्यांचा एकच प्रश्न सर्वांना भोवला. विद्यार्थ्याने बरोबर उत्तर दिले की ते विचारत, “हे उत्तर कधी चुकेल?” ज्याला हे सांगता येत नसे, त्याचे बरोबर उत्तरही त्यांच्या लेखी अर्धेच असे. आमच्या वर्गातला एक वात्रट मुलगा म्हणाला होता, “सर, तुम्ही तपासायला घेतल्यावर.” सगळे हसले. सरांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिले आणि गंभीरपणे म्हणाले, “बराबर हाय.” त्याला पूर्ण गुण मिळाले.

पुण्यातली चांगली नोकरी सोडून ते परत का आले, याच्या भोकरदनात तऱ्हेतऱ्हेच्या कथा होत्या. कोणी म्हणे भांडण झाले, कोणी म्हणे डोक्यावर परिणाम झाला. मी एकदा सरळ विचारले. त्या दिवशी खिडकीला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. “तिथं मला बोलायला सुरू व्हायलाच येळ लागायचा,” ते म्हणाले. “तवर मीटिंग संपलेली आसायची.” एवढेच. 

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा वैशाली पहिल्या वर्षाला आली. पिंपळगाव रेणुकाईच्याही पुढे तिचे गाव. घरी थोडी कोरडवाहू जमीन आणि आजोबांच्या कळपातून उरलेली काही मेंढरे. सकाळच्या बसने ती येई आणि संध्याकाळी दिवस मावळायच्या आत घरी पोहोचणाऱ्या बसने परत जाई. तिच्या वडिलांनी शिक्षणाला परवानगी दिली होती ती या दोन बसच्या भरवशावर. भोकरदनच्या पलीकडे ती परवानगी जात नव्हती, आणि हे वैशालीने पहिल्याच आठवड्यात हसत हसत सांगून टाकले होते: “ताई, हे बंद झालं की महं लग्न. मधी काहीच न्हाई.”

तिने स्वतः होऊन पहिला प्रोग्रॅम लिहिला तो गावच्या शाळेतल्या परीक्षेच्या बैठकव्यवस्थेचा. एका भावकीतली दोन मुले शेजारी शेजारी येता कामा नयेत, ही अट.

“सोपं हाय की,” मी म्हणाले.

“ताई, आमच्या गावात बाकं कमी अन् भावकी जास्त. सख्खा चुलत टाळला तर चुलतचुलत निघतो. शेवटी एखाद्याला झाडाखाली बसवावं लागंल!”

तिचा प्रोग्रॅम एक मांडणी करून पाही, मोडी, दुसरी करून पाही. विचार सरळ होता आणि काम अफाट. साध्या दुभाष्यावर तो सकाळी सुरू केला तर दुपारच्या सुट्टीतही चाललेला असे. सरांच्या कंपायलरला मात्र असाच प्रोग्रॅम हवा होता, कारण त्यात त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा येत. सरांनी तिची फाइल पाहिली आणि म्हणाले, “तुम्ही चांगलं काम करून राह्यल्या.” वैशाली लाजून टेबलाखाली पाहू लागली.

त्याच वर्षी विभागाच्या मान्यतेचे नूतनीकरण होते. विद्यापीठाची समिती येऊन पाहणार होती. यंत्रे जुनी असल्याचा शेरा आधीच बसलेला होता. नवी घेण्याची महाविद्यालयाची ऐपत नव्हती. प्राचार्यांनी अर्जात लिहिले होते, की आमच्या प्राध्यापकांनी विकसित केलेल्या प्रणालीमुळे याच यंत्रांवर अभ्यासक्रम व्यवस्थित चालतो. आता ते चालवून दाखवायचे होते. नाही पटले तर विभाग बंद. बाकीच्या मुलांना जालना होते, संभाजीनगर होते. वैशालीला काही नव्हते; दुसरा विषय घेऊन पहिल्यापासून सुरू करायला घरून वर्षे मिळणार नव्हती.

सरांनी प्रात्यक्षिकासाठी वैशालीचाच प्रोग्रॅम निवडला. मी त्या दिवशी लवकर गेले आणि यंत्र सुरू करून तिचा प्रोग्रॅम चालवून ठेवला. सरांची प्रणाली केलेली भाषांतरे यंत्र सुरू असेपर्यंत सांभाळून ठेवी. एकदा तापवले की पुढची प्रत्येक फेरी वेगाने होई. मी पुन्हा चालवून पाहिले. चहाचा घोट घेईपर्यंत उत्तर पडद्यावर. मी समाधानाने मागे टेकले.

सर आले, त्यांनी पडदा पाहिला आणि त्यांना कळले.

“कोणी चालवली?”

“मी, सर. समितीसमोर उगाच रखडायला नको.”

“बंद कर.”

“सर, सगळेच तसं करतात. वेग मोजताना सुरुवातीच्या फेऱ्या सोडूनच देतात. तुमच्याच कपाटातल्या पुस्तकात आहे.”

“पुस्तकात हाय, बराबर हाय,” सर म्हणाले. “पण पहिली फेरी ज्याच्या वाट्याला येते, त्यानं ते पुस्तक लिहिलं नसंल. पोरं इथं रोज नवा प्रोग्रॅम आणतात. त्यांच्या वाट्याला पहिली फेरीच येते. ते लोक बघायला येऊन राह्यले, की पोरांना काय मिळतं. मंग त्यांना दुसरी फेरी दाखवायची? तापलेला तवा दाखवून म्हणायचं, आमच्याकडं चूल पेटायला वेळच लागत न्हाई?”

“सर, वैशालीचं काय?”

 सरांनी वाकून स्वतःच यंत्र बंद केले, आणि तापलेले सारे त्या एका बटणाबरोबर पुसले गेले.

समितीत तिघे होते. अध्यक्षबाई सौम्य, नीटनेटक्या आणि घाईत. दुपारी जालन्याला आणखी एक महाविद्यालय पाहायचे होते. वैशालीने प्रोग्रॅम सुरू केला. पडद्यावर एक मांडणी उमटली, मोडली. थोड्या वेळाने दुसरी उमटली.  पंख्याचा आवाज येत होता.

“सर, हे नेहमी इतकंच हळू चालतं का?” बाईंनी विचारले.

सर खिडकीबाहेर पाहू लागले. प्राचार्य कासावीस झाले. “बोला ना, सर.”

“सुरुवातीला,” सर म्हणाले.

“सुरुवात म्हणजे किती वेळ?”

“प्रोग्रॅमवर हाय.”

बाईंनी घड्याळ पाहिले नाही. बाकीच्या दोघांनी पाहिले. “कल्पना चांगली आहे,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना ते मनापासून म्हणायचे होते. “पण आम्हाला समोर दिसेल तेवढंच लिहिता येतं.” प्राचार्य त्यांना जेवणाकडे घेऊन गेले. जाताना त्यांच्यातल्या एकाने दार हळूच ओढून घेतले, आजाऱ्याच्या खोलीचे ओढतात तसे.

आम्ही तिघे उरलो. सर पडद्यासमोर उभे होते. एक मांडणी, दुसरी, तिसरी. मग मांडण्या वेगळ्या दिसेनाशा झाल्या, नुसती थरथर झाली, आणि पडदा एकदम स्थिर झाला. सबंध शाळा बसलेली होती, आणि एकाही बाकावर भावकी नव्हती.

“झालं, सर!” वैशाली टाळी वाजवून म्हणाली. ती पहिल्या वर्षाला होती. तिला वाटले, काम झाले म्हणजे झाले.

“झालं,” सर म्हणाले.

त्या दिवसाचे विश्लेषण मी नंतर अनेकदा केले आहे. सरांच्याच शास्त्राचा पहिला नियम असा आहे, की जे काम एकदाच करायचे असते त्याला भाषांतराचा खटाटोप परवडत नाही. त्याच्या वाट्याला सुरुवातीचा तोटा तेवढा येतो. समिती एकदाच येणार होती. ज्या माणसाने आम्हाला प्रत्येक उत्तर कधी चुकेल हे विचारायला शिकवले, त्याने आपली पद्धत नेमकी जिथे चुकणार होती तिथेच नेऊन उभी केली. हे त्यांना दिसत नव्हते, हे मी मानत नाही. दिसत असून त्यांनी बटण दाबले.

पत्र आले. यंत्रसामग्री अपुरी, मान्यता पुढे चालू नाही. जुनी यंत्रे टेम्पोत भरून भंगारात गेली. सरांना परीक्षा विभागात बसवण्यात आले, तिथे त्यांना नवे कोरे, वेगवान यंत्र मिळाले, आणि त्यावर त्यांनी हॉल तिकिटे छापण्यापलीकडे काही केल्याचे कोणी पाहिले नाही. कोणी चौकशी केली तर म्हणत, “हे उगीच जल्दी करतं.” काही वर्षांनी तेही सोडून ते गावी गेले. मी फोन करते. तो वाजत राहतो. मी स्वतः आता पुण्यात याच विषयावर काम करते. आमच्या अहवालांतले आलेख यंत्र तापल्यानंतर सुरू होतात. त्यात खोटे काही नाही. सगळ्या जगात मोजण्याची तीच रीत आहे, आणि आलेखाखाली तसे बारीक अक्षरांत लिहिलेलेही असते.

पत्र आले त्या आठवड्यात सर मला म्हणाले, “चल. वैशालीच्या घरी जाऊन येऊ.”

वैशालीचे वडील ओसरीत बसून दावे वळत होते. त्यांनी बाज टाकली, पाणी दिले. सर बसले आणि अंगणाकडे पाहू लागले. मी मनात म्हटले, आता हा माणूस उठून जाणार. वडील उठले नाहीत. दावे वळत राहिले. चहा आला, संपला, कोंबड्या अंगणातून जाऊन परत आल्या. मग सर बोलू लागले, आणि जोत्यापासून बोलले: वैशालीने काय केले, ते का अवघड होते, जालन्याच्या कॉलेजात काय मिळेल, वसतिगृह कसे आहे, त्यांची एक जुनी विद्यार्थिनी तिथेच शिकवते, ती कशी लक्ष ठेवील. वडिलांनी एक शब्दही मध्ये घातला नाही. सरांचे बोलणे कोणी इतके शेवटपर्यंत ऐकलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

“मास्तर,” ते शेवटी म्हणाले, “तुम्ही बोलले ते समदं बराबर हाय. तुमच्या बापाला म्या वळखत होतो. त्याचंबी आसंच, बोलायला बसला की मेंढरं आपली आपण घरी यायची.” ते हसले, सरही हसले. मग त्यांनी दावे खाली ठेवले. “पण पोरगी दिवसाउजेडी घरी येत होती, म्हणून भावकीचं तोंड बंद होतं. जालन्याला ठिवली तर मह्यापाशी जवाब न्हाई. तुमचा वर्ग चालू ऱ्हायला आस्ता, तर पुरं शिकवलं आस्तं तिला. देवीची आन. आता पाव्हणे येऊन राह्यले उद्या.”

सरांनी हात जोडले. आम्ही उठलो.

रस्त्यावर काळी-पिवळी जीपची वाट पाहत उभे होतो, तेव्हा वैशाली शेताच्या बांधावरून धावत आली. दम खात तिने सरांनाच विचारले, “सर, महा प्रोग्रॅम तर बराबर चालला होता. मंग चुकलं काय?”

“तुमचं काही चुकलं न्हाई,” सर म्हणाले. “तुमच्या ताईनं त्या दिवशी मशीन तयार ठेवली होती. लगेच पळाला आस्ता. मी बंद करून पुन्हा लावली.”

मी सरांकडे पाहिले. त्यांना हे सांगण्याची काहीच गरज नव्हती; आम्हा दोघांखेरीज ते कोणालाही ठाऊक नव्हते.

“कामून, सर?” तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरेच जाणून घ्यायचे होते.

“ते खोटं झालं आस्तं.”

वैशालीने विचार केला. ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत तिने तो मुद्दा, वर्गात घेई तसाच, सगळ्या बाजूंनी तपासला. मागे घरातून आई तिला हाका मारत होती. उद्याच्या पाहुण्यांसाठी घर सारवायचे होते.

“थोडंसंच झालं आस्तं, सर,” ती म्हणाली, आणि बांधावरून परत गेली.

गाडी आली. ती थांबवायला सरांनी हात केला नाही, म्हणून मी केला.